थोरले स्वामीमहाराज : पायी फिरून जागवलेली दत्तभक्ती

दत्तजयंतीचा उत्सव जवळ आला की आपल्या घरांतून गुरुचरित्राची पोथी निघते. चौरंग पुसला जातो, सप्ताहाचा संकल्प होतो. गुरुवारी संध्याकाळी आरती झाली की घरातलं एखादं वडीलधारं माणूस करुणात्रिपदी म्हणायला लागतं आणि लहान मुलंसुद्धा नकळत सूर धरतात. अठरा अक्षरांचा श्रीपादवल्लभांचा नाममंत्र तर वाडीच्या घाटावर, गाणगापूरच्या रस्त्यावर, एस.टी.च्या गाडीत, कुठंही कानावर पडतो. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की ते पूर्वापार असंच चालत आलं असावं असं आपण धरून चालतो.

पण तसं नाही. ही त्रिपदी, हा नाममंत्र, घोरकष्टोद्धरण स्तोत्र, सातशे ओव्यांचं गुरुचरित्रसार हे सगळं एका माणसाच्या तोंडून आणि लेखणीतून आलेलं आहे. त्यांना जाऊन अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी. संप्रदायात त्यांना सगळे थोरले स्वामीमहाराज म्हणतात. अवघा देश त्यांनी पायी, अनवाणी तुडवला. जिथं रस्ता नाही, बाजार नाही, अशा नदीकाठच्या खेड्यांत मुक्काम केले आणि विझत चाललेल्या निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखी दत्तभक्ती पुन्हा फुलवली. उत्सवाच्या निमित्तानं त्यांचं चरित्र पुन्हा एकदा आठवू या.

माणगावचा वासुदेव

कोकणात सावंतवाडीजवळ माणगाव नावाचं गाव आहे. डोंगराच्या कुशीतलं, माडा-पोफळींचं, निर्मला नदीच्या खोऱ्यातलं. तिथं हरिभट टेंबे हे वैदिक ब्राह्मण राहत. त्यांचे चिरंजीव गणेशभट आणि सूनबाई रमाबाई. गणेशभटांना दत्तभक्तीचं वेडच होतं. संसार सोडून ते गाणगापुरी जाऊन राहत, तिथं सेवा करत. घरी परतले ते दत्तप्रभूंचा प्रसाद होऊनच, असं भक्तमंडळी सांगतात. शके १७७६ मध्ये, श्रावण वद्य पंचमीला, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं वासुदेव.

आधीच्याच वर्षी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. पुढं वासुदेवाच्या आयुष्यातच रुळांचं जाळं देशभर पसरलं. आणि हा मुलगा मोठा होऊन हिमालयापासून तंजावरपर्यंत जाणार होता, तो मात्र आपल्या दोन पायांनी. हे लक्षात ठेवायला हवं. कारण ते गाडीनं गेले असते तर मोठ्या शहरांतून गेले असते, मधली खेडी राहिली असती.

आठव्या वर्षी मुंज झाली. आजोबांच्या नजरेखाली वेदाध्ययन सुरू झालं. बुद्धी अशी, की एकदा ऐकलेलं सहसा विसरत नसत. दशग्रंथांबरोबर संस्कृत आणि ज्योतिष यांतही त्यांनी गती मिळवली. घरची स्थिती बेताची, भिक्षुकीवर चालणारी. पण नियम मात्र लहानपणापासून कडक: संध्या चुकायची नाही, परान्न शक्य तितकं टाळायचं, खोटं बोलायचं नाही. मुलं खेळायला जात तेव्हा हा मुलगा गायत्रीपुरश्चरणात असे.

एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. संसार सोपा नव्हता. घरात माणसं बरीच, मिळकत तुटपुंजी, आणि नवरा असा नेमानिष्ठेचा की त्याला व्यवहाराची ओढच नाही. या बाईंबद्दल चरित्रांतून फार थोडं लिहिलं जातं. पण पुढं नवऱ्याबरोबर घरदार सोडून त्या निघाल्या, शेवटपर्यंत बरोबर राहिल्या, हे विसरता येत नाही.

वाडीची ओढ

ऐन तारुण्यात वासुदेवशास्त्र्यांना नरसोबाच्या वाडीची ओढ लागली. कोकणातून घाट चढून कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पायी जायचं, पादुकांपुढं बसायचं आणि परत यायचं, असं होऊ लागलं. वाडीला त्या काळी गोविंदस्वामी म्हणून अधिकारी सत्पुरुष होते. त्यांचा मोठा आधार त्यांना मिळाला. इथंच त्यांना स्वप्नात मंत्रोपदेश झाला आणि इथून पुढं त्यांच्या आयुष्याची सूत्रं त्यांच्या हातात राहिली नाहीत, असं संप्रदाय मानतो. कुठं जायचं, कुठं थांबायचं, काय लिहायचं, हे दत्तप्रभूंच्या आज्ञेनं ठरू लागलं.

वाडीहून परतताना कागल इथं त्यांना एक लहानशी दत्तमूर्ती मिळाली. ती घेऊन ते माणगावी आले. गावकऱ्यांनी जागा दिली, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि १८८३ साली, वैशाखात, दत्ताची स्थापना झाली. वाडीला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी जणू वाडीच कोकणात आली.

पुढची सात वर्षं माणगाव गजबजून गेलं. आजारी, कर्जबाजारी, घरात अशांती असलेले, पोटी मूल नसलेले असे कुठून कुठून लोक येत. शास्त्रीबोवा ऐकून घेत, उपाय सांगत. उपाय म्हणजे बहुधा एखादं स्तोत्र, एखादा नेम, एखादं राहून गेलेलं कर्तव्य. पैसा शिल्लक ठेवायचा नाही, आला तसा खर्चून टाकायचा. आज आला तो आजच्या अन्नदानात जायचा आणि उद्याचं दत्त बघून घेईल, अशी रीत होती. ज्यानं पोट भरून जेवावं अशी स्वतःची परिस्थिती नाही, त्याच्या दारात रोज पंगती उठत होत्या.

कुणालाही वाटेल, आता बस्तान बसलं. देऊळ आहे, भक्त आहेत, नाव झालं आहे. इथंच मठ वाढवावा. पण १८८९ मध्ये त्यांना निघण्याची आज्ञा झाली आणि ते निघाले. जमलेला सगळा व्याप जसाच्या तसा मागं टाकून, फक्त मूर्ती आणि पत्नी बरोबर घेऊन त्यांनी माणगाव सोडलं. गावकऱ्यांना ते किती जड गेलं असेल! सात वर्षांत ज्यानं गावाचं क्षेत्र केलं तोच एका दिवशी चालू लागला. पण नीट पाहिलं तर त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा नमुना इथंच तयार झाला: जायचं, जागवायचं आणि ते आपलं होण्याच्या आत पुढं निघायचं.

गंगाखेड

उभयता वाडी, कोल्हापूर, पंढरपूर असं करत गोदावरीच्या काठी गंगाखेडला आले. संत जनाबाईंचं हे गाव. १८९१ चा वैशाख होता. गावात महामारी होती आणि तिच्यात अन्नपूर्णाबाई गेल्या.

तो प्रसंग डोळ्यांपुढं आणून पाहावा. परका मुलूख. ना घर, ना गोत. पदरी मूल नाही. अपत्यसुख या दांपत्याला लाभलंच नाही. वय छत्तीस पूर्ण झालेलं. ज्या बाईनं माणगावच्या पंगती रांधल्या, कोकणापासून गोदावरीपर्यंत जी मागोमाग चालत आली, तिचे उत्तरविधी त्यांनी परक्या घाटावर केले. ते सर्व यथासांग आटोपले आणि चौदाव्या दिवशी तिथंच त्यांनी संन्यास घेतला.

काही लोक यावरून म्हणतात, वैराग्य आधीपासूनच होतं, पत्नी गेली आणि वाट मोकळी झाली. मला तसं म्हणावंसं वाटत नाही. वैराग्य असूनही पत्नी असेपर्यंत त्यांनी संन्यास घेतला नाही. गृहस्थाचं कर्तव्य पुरतं संपल्याशिवाय पुढचं पाऊल टाकलं नाही. आपल्या दत्तसंप्रदायात संसारी माणसाला जे मानाचं स्थान आहे, ते त्यांनी आधी जगून दाखवलं. पुढं हजारो प्रापंचिक माणसं त्यांच्याकडं आली ती काही उगाच नाही. या संन्याशाला घर म्हणजे काय आणि घर मोडणं म्हणजे काय हे ठाऊक होतं.

तिथून ते उज्जैनला गेले. तिथल्या श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवशास्त्री टेंबे हे वासुदेवानंद सरस्वती झाले. पहिला चातुर्मास उज्जैनलाच झाला.

तेवीस पावसाळे

संन्याशाचा नियम असा, की पावसाळ्यात जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून चातुर्मासाला एका जागी राहायचं. एरवी एका गावात फार दिवस रेंगाळायचं नाही. माया जडते. स्वामीमहाराजांनी हा नियम अक्षरशः पाळला. १८९१ चा उज्जैनचा चातुर्मास पहिला आणि १९१३ चा गरुडेश्वरचा शेवटचा, असे एकूण तेवीस. प्रत्येक दोन चातुर्मासांच्या मधे शेकडो कोसांची चाल.

या मुक्कामांची नावं वाचली तरी देशाचा नकाशा डोळ्यांपुढं येतो. गंगेकाठचं ब्रह्मावर्त. हिमालयातली क्षेत्रं. हरिद्वार. गुजरातेत पेटलाद आणि नर्मदाकाठचं तिलकवाडा. पश्चिम टोकाला द्वारका. नर्मदेवरचं चिखलदा, जे आज सरदार सरोवराच्या पाण्यानं गिळलं आहे. क्षिप्रेकाठचं महत्पूर. नामदेवांचं नरसी. १९०७ साली थेट दक्षिणेत तंजावर, जिथं मराठी राजांबरोबर गेलेली मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती. मग कृष्णेवरचं मुक्त्याला. १९०९ ला विदर्भात वैनगंगेकाठची पवनी. १९१० ला तुंगभद्रेवरचं हावनूर. १९११ ला कृष्णेच्या पात्रातलं कुरवपूर.

यातली किती नावं तुम्ही-आम्ही एरवी ऐकली असती? काशी-प्रयाग सोडा, पण पवनी आणि हावनूर, मुक्त्याला आणि चिखलदा? ही काही राजधान्यांची गावं नव्हेत. बहुतेक नदीकाठची लहान वस्ती, चार ब्राह्मणांची घरं, एखादं पडकं देऊळ. तिथं पावसाळाभर एक संन्यासी येऊन राहायचा. पहाटे नदीवर स्नान, दंडतर्पण, जप. दुपारी भिक्षा. पुढं शास्त्राचा पाठ आणि पुराण. शास्त्र शिकलेले आले तर त्यांच्याशी संस्कृतात बोलणं, अडाणी माणूस आला तर त्याच्या भाषेत. गावातल्या लोकांना हे नवलच वाटे. एवढा मोठा विद्वान आणि आपल्या ओसरीवर बसून आपल्या म्हशीच्या दुखण्याचीही चौकशी ऐकून घेतो!

चातुर्मास संपला की दंड-कमंडलू, पोथ्या आणि ती लहानशी दत्तमूर्ती घेऊन ते निघत. पायात काही नाही. पैशाला स्पर्श नाही. वाहन नाही.

आणि हे सगळं कसल्या देहानं? संग्रहणीचा विकार त्यांना वर्षानुवर्षं होता. पोटात अन्न टिकत नसे. अंगावर कोडही होतं. लोक आपली दुखणी घेऊन त्यांच्याकडं येत, बरी होऊन जात आणि स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र त्यांनी दत्ताकडं कधी काही मागितलं नाही. ते प्रारब्ध आहे, भोगून संपवायचं, ही त्यांची भूमिका होती. आपल्याला हे पचायला जड जातं. आपण तर नारळ फोडतानाच मागणं सांगून मोकळे होतो. पण त्यांच्या शब्दाला खेड्यापाड्यांत वजन आलं त्याचं एक कारण हेही असावं. हा माणूस आपल्याला सोसायला सांगतो, पण आधी स्वतः सोसतो, हे लोकांना दिसत होतं. ते पटवून देण्यासाठी प्रवचनाची गरज नव्हती.

विसरलेल्या वाटा

थोरल्या महाराजांनी नेमकं केलं काय, असं कुणी विचारलं तर त्याची तीन-चार उत्तरं देता येतात.

पहिलं म्हणजे, त्यांनी दत्तभक्तांना त्यांची क्षेत्रं परत मिळवून दिली. वाडी, औदुंबर, गाणगापूर ही ठिकाणं जागती होती. पण श्रीपादश्रीवल्लभांचं जन्मस्थान पीठापूर आंध्रात, त्यांची तपोभूमी कुरवपूर कृष्णेच्या बेटावर, आणि श्रीनृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान कारंजं वऱ्हाडात. गुरुचरित्रात ही नावं रोज वाचली जात होती, पण जाणारं कुणी नव्हतं. वाचणाऱ्याला ती गोष्टीतली गावं वाटायची. स्वामीमहाराज स्वतः चालत तिथं गेले, ठिकाणं ओळखली, दाखवली. कारंज्याला पुढं १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वतींनी गुरुमंदिर उभारलं. आज पीठापूरला किंवा कुरवपूरला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंची गर्दी पाहिली, नदीत होडीची वाट बघत उभी असलेली माणसं पाहिली, की ही वाट कुणाच्या पावलांनी पडली ते आठवतं.

दुसरं म्हणजे ग्रंथ. गुरुचरित्राचं पारायण सोपं नाही. बावन्न अध्याय, सोवळं, सात दिवसांचे नियम. नोकरीधंद्यातल्या माणसाला ते कसं जमावं? स्वामीमहाराजांनी गुरुचरित्र लहान केलं. संस्कृत जाणणाऱ्यांसाठी दोन हजार श्लोकांची द्विसाहस्री, मराठी वाचकासाठी सातशे ओव्यांची सप्तशती. या सप्तशतीत एक नवल आहे. प्रत्येक ओवीचं तिसरं अक्षर घेत गेलं तर गीतेचा पंधरावा अध्याय उभा राहतो. पंधराव्या अध्यायाची अक्षरं मोजून पाहा, बरोबर सातशे भरतात. वाचणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो आपला गुरूंची कथा वाचतो आणि त्याच्या तोंडून गीता घडते. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, दत्तचंपू असे त्यांचे ग्रंथ किती सांगावेत? आणि हे सगळं वाटेत, मुक्कामांत, बरोबर ग्रंथालय नसताना लिहिलेलं.

तिसरं म्हणजे गाणं आणि नाम. ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी पदं, आरत्या, स्तोत्रं. करुणात्रिपदीची कथा संप्रदायात सर्वांना ठाऊक आहे. वाडीला सेवेत काही चूक झाली, दत्तप्रभू रुष्ट झाले अशी सर्वांना हुरहुर लागली, आणि त्या वेळी स्वामीमहाराजांच्या मुखातून ही तीन पदं बाहेर पडली. चुकलेल्या लेकरानं आईचा पदर धरावा तसा त्यांचा भाव आहे. यात पांडित्य नाही, कुणाला दोष नाही. चूक झाली, आता जवळ घे, एवढंच मागणं आहे. म्हणून तर शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणीही ती म्हणताना गहिवरतो. घोरकष्टोद्धरण स्तोत्र कुरवपूरच्या मुक्कामातलं. अवघे पाच श्लोक. घरात अडचण आली की आजही बायामाणसं ते म्हणतात. आणि अठरा अक्षरांचा नाममंत्र तर त्याहून सोपा. त्याला मुहूर्त नको, आसन नको.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. स्वामीमहाराज आचारधर्माला अतिशय कडक होते. सोवळंओवळं, वर्णाश्रमाचे नियम, स्त्रियांसाठी सांगितलेली बंधनं यांत त्यांनी सूट दिली नाही. आजच्या वाचकाला, विशेषतः आजच्या मुलींना, त्यांच्या ग्रंथांतली काही वचनं टोचतात. ते लपवण्यात अर्थ नाही. ते आपल्या काळातले, आपल्या शास्त्राला बांधलेले संन्यासी होते आणि तेच नियम आधी स्वतःवर दुप्पट कसोशीनं लादत होते. पण त्यांच्या हातून जे नाम आणि जी पदं बाहेर पडली, त्यांनी मात्र कुंपणं पाहिली नाहीत. आज वाडीच्या घाटावर तो मंत्र म्हणणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, आणि घरोघर त्रिपदी टिकवली आहे ती तर आयाबायांनीच. दिवा लावणाऱ्यानं तो देवघरात लावला, पण उजेड ओसरीवर आणि अंगणातही पडला, तसं हे झालं.

चौथी गोष्ट माणसांची. शिक्षात्रय म्हणून त्यांनी तीन प्रकरणं लिहिली: कुमारांसाठी, तरुणांसाठी, वृद्धांसाठी. म्हणजे मुलानं अभ्यास करावा, तरुणानं संसार नीट करावा, म्हाताऱ्यानं मन आवरावं. काम टाकून माझ्यामागं या, असं त्यांनी लोकांना सांगितलं नाही. ज्याला त्याला त्याच्या जागीच देव दाखवला.

भावाचा नारळ

त्या काळी महाराष्ट्रात थोर सत्पुरुषांची मांदियाळीच होती. त्यांच्यात आपापसांत कसा भाव होता हे दाखवणारी एक कथा साईसच्चरितात आली आहे. गोदावरीकाठी राजमहेंद्रीला स्वामीमहाराजांचा मुक्काम होता. नांदेडचे वकील पुंडलीकराव काही मंडळींसह दर्शनाला आले. बोलता बोलता शिर्डीच्या साईबाबांचं नाव निघालं. स्वामीमहाराजांनी ते ऐकताच हात जोडले. संन्याशानं असा नमस्कार करायचा नसतो, पण इथं त्यांनी तो केला आणि आपल्या या भावाला द्या म्हणून एक नारळ पुंडलीकरावांच्या हाती दिला.

महिन्याभरानं ही मंडळी शिर्डीला निघाली. वाटेत तहान लागली. ओढ्याकाठी बसून बरोबरचा चिवडा खायला घेतला. तो तिखट लागला म्हणून कुणीतरी नारळ फोडून त्यात मिसळला. खाऊन झाल्यावर लक्षात आलं, की नारळ तोच होता. पुंडलीकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिर्डीला पोचल्यावर बाबांनी आधी आपल्या भावाची वस्तू मागितली. पुंडलीकरावांनी चूक कबूल केली आणि बदली दुसरा नारळ देऊ केला. त्या नारळाची सर दुसऱ्याला येणार नाही, असं बाबांनी समजावलं आणि मग खंत करणाऱ्या भक्ताला प्रेमानं शांतही केलं.

एक कर्मठ दंडी संन्यासी, दुसरा मशिदीत राहणारा फकीर. बाहेरून पाहिलं तर दोन टोकं. आपण भक्त मात्र आपापल्या गुरूंवरून भांडत बसतो. उत्सवाच्या दिवसांत तरी हा नारळ आठवावा.

रेवामाईच्या कुशीत

१९१३ साली स्वामीमहाराज गुजरातेत नर्मदाकाठी गरुडेश्वरला आले. त्या वेळी ते एक निर्जन, रानातलं ठिकाण होतं. तिथं पर्णकुटी झाली आणि माणगावला झालं होतं तेच पुन्हा झालं. माणसं येऊ लागली, अन्नदान सुरू झालं, ओसाड काठ नांदता झाला. फरक एवढाच, की या खेपेला पुढं निघायचं नव्हतं. देह थकला होता. तेवीस वर्षांच्या संन्यासात कधी न थांबलेली पावलं इथं थांबली.

१९१४ च्या जूनमध्ये, शके १८३६ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, दत्तमूर्तीसमोर आसन घालून त्यांनी देह ठेवला. वय साठाच्या उंबरठ्यावर. देह नर्मदेच्या पाण्यात अर्पण केला. आज तिथं समाधिमंदिर आहे, दत्तमंदिर आहे, आणि रोज त्यांचीच पदं म्हटली जातात.

मठाची गादी, जमीनजुमला, वारस असं काही त्यांनी मागं ठेवलं नाही. ठेवली ती माणसं. कोल्हापूरकडचे वामनराव गुळवणी पुण्यात चित्रकला शिकवत राहिले आणि तिथूनच त्यांनी हजारोंना साधनेला लावलं. इंदूरला नानामहाराज तराणेकरांभोवती जमलेल्या भक्तांनी आपल्या परिवाराला नावच त्रिपदीवरून घेतलं. आणि वाडीला लहानपणी ज्याला त्यांचं दर्शन झालं, तो गोध्र्याचा पांडुरंग वळामे पुढं नारेश्वरचा रंगावधूत झाला. त्यानं १९३५ मध्ये गुजरातीत दत्तबावनी लिहिली आणि दत्तभक्ती गुजरातच्या घराघरांत पोचवली. मराठी मुलखात जागलेली ज्योत अशी दुसऱ्या भाषेत गेली.

दत्तभक्तहो, आज आपण गाडीनं दोन दिवसांत वाडी, गाणगापूर, अक्कलकोट करून येतो. ते चांगलंच आहे. पण एकदा तरी थोडी वाट पायी चालावी. ऊन लागेल, टाच दुखेल, तहान लागेल. तेव्हा मनात आणावं, की पोटात अन्न ठरत नसताना, पायात वहाण नसताना एक माणूस असा तेवीस वर्षं चालला. आणि ज्या गावाला कुणी विचारत नव्हतं, त्या गावाला जाऊन त्यानं सांगितलं, की देव तुमच्याही नदीवर आहे.

यंदाच्या जयंतीला पाळणा झाला, सुंठवडा वाटला, की त्रिपदी म्हणताना थोडं थांबू या. ती पदं ज्यांच्या मुखातून आली त्यांच्या धुळीनं माखलेल्या, भेगाळलेल्या पावलांना मनोमन नमस्कार करू या आणि मगच पुढचं कडवं धरू या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥